चाळणीअप्पांचं झाकण

चाळणीअप्पा जाळी डोळ्यांनी पाहत नसत, नाकानं पाहत. लातुरातल्या डाळमिलांना चाळण्या बनवून देणारे हे लिंगायत गृहस्थ नवी जाळी चेहऱ्यावर धरून दोन-तीन दीर्घ श्वास घेत आणि मगच कात्री उचलत. कपाळावरची विभूती तारांना लागे. मिलवाले हसत. "हसा," अप्पा म्हणत, "डाळीला नाक नसतंय, मला हाय."

मी तेव्हा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवीत होतो. जिल्हा नवा झाला होता आणि पाऊस झाला नव्हता. पहिल्या गोष्टीचा गाजावाजा इतका, की दुसरीची तक्रार करणं बरं दिसत नसे. विहिरीचा गाळ काढणाऱ्या मजुरांना तळाशी एक घोरपड सापडली. नाल्याला पाणी आलं की तिला सोडायची, तोवर कॉलेजातल्या काचेच्या पेटीत ठेवायची, असं ठरलं. पेटीला झाकण नव्हतं, म्हणून अप्पांना बोलावलं. मी मच्छरदाणीचं कापड सुचवलं.

"सर, तिची नखं बघितली का?" अप्पा म्हणाले. "ती फाडंल आन् तुमच्याच टेबलावर येऊन बसंल."

त्यांनी तारेची जाळी सागवानी चौकटीत बसवली. तारांची टोकं लाकडात पार दाबून टाकली, कारण घोरपड नाकानं झाकण ढकलते आणि उघडं टोक असलं की नाक सोलून घेते. दोन्ही बाजूंना बाहेरून कड्या. मग आतल्या बाजूनं तळहात फिरवला आणि झाकण माझ्यापुढं धरलं. "आता तुमचा फिरवा. शिकलेल्याचा हात लई नाजूक, लगेच कळतंय."

त्यानंतर ते रोज संध्याकाळी पेटीशी येऊन उकिडवे बसत. घोरपडीला 'बाई' म्हणत. "बाई, अजून ढग न्हाई. बस निवांत."

नव्या जिल्ह्यानिमित्त कॉलेजात प्रदर्शन भरलं आणि मंत्री यायचे ठरले. प्राचार्यांना जाळी खुराड्यासारखी वाटली. समारंभांना हसणारा म्हणून स्टाफरूममध्ये माझी ख्याती होती. तरी जाळीवर अचूक बसेल अशी काच मीच कापून आणली आणि तिच्यावर तांबड्या अक्षरांत 'नूतन जिल्ह्यात सहर्ष स्वागत' लिहून घेतलं. समारंभाच्या सकाळी ती जाळीवर बसवली. अक्षर सुंदर आलं होतं.

पाहुणे दहाला येणार होते, दोनला आले. टँकरचं पाणी धूळ उडू नये म्हणून रस्त्यावर मारलं होतं. मांडवाची सावली सरकत गेली आणि प्रदर्शनात मांडलेली पेटी उन्हात आली. मी हार घेऊन रांगेत उभा होतो. मंत्री प्रदर्शनाकडं वळलेच नाहीत. गाड्या गेल्यावर मी पेटीपाशी आलो, तर बाई काचेला पुढचे पाय टेकून, जाळीला नाक लावून तशीच मेलेली होती.

मी जाळीवरची काच उचलली आणि कपाटामागं सरकवली. त्या दिवसात एवढं एकच काम मी चपळाईनं केलं.

संध्याकाळी अप्पा आले. उकिडवे बसले. बराच वेळ जाळीवरून बोट फिरवीत राहिले.

"सर, जाळी नवी हाय. जस्ताचा मुलामा हाय तिला. त्येच बाधलं का बाईला?"

हे त्यांनी मला विचारलं, कारण मी शिकलेला होतो.

"असू शकतं," मी म्हणालो.

"धुवून लावायची होती," ते म्हणाले. "पानी न्हाई म्हनून धुतली न्हाई मी."

त्यांनी झाकण काढून घेतलं आणि काखेत धरून निघून गेले. खरं सांगायला मी दोन-तीनदा घरून निघालो, बाजारातल्या गंजगोलाईपर्यंत गेलो आणि वर्तमानपत्र घेऊन परत आलो. पुढं माझी नांदेडला बदली झाली आणि त्या फेऱ्या वाचल्या.

अप्पा गेल्याचं मला फार उशिरा कळलं. एका लग्नाला लातूरला गेलो तेव्हा त्यांच्या दुकानात डोकावलो. त्यांचा मुलगा गल्ल्यावर होता. एक गिऱ्हाईक सशांच्या पिंजऱ्यासाठी जाळी मागत होतं. त्यानं चकचकीत गुंडाळीवर हात ठेवला, तशी मुलानं ती मागं ओढली.

"ही जनावराला देत न्हाई आमी. जस्त बाधतंय."

"बाकीचे तर समदे देतेत की."

"देऊ द्या. आमच्या अप्पांना कॉलेजच्या सरांनी सोता सांगितलेलं हाय. अप्पा मरेपर्यंत त्या सरांचं नाव घ्यायचे. लई हुशार मानूस म्हनायचे."

मग तो माझ्याकडं वळला. मला ओळखायचं त्याला काहीच कारण नव्हतं.

"तुम्हाला काय पायजे, काका?"

मी पिठाची चाळणी मागितली.