काकींची रांगोळी

आमच्या लालबागच्या चाळीत शेजारच्या काकींइतकं भित्रं माणूस दुसरं नव्हतं. दारावर थाप पडली की त्या आधी गॅस बंद करायच्या, मग देवाला हात जोडायच्या आणि मग विचारायच्या, "कोण?" तोवर आलेला माणूस कंटाळून गेलेला असायचा.

पण चिमटीत रांगोळी आली की हात काकींचा राहायचाच नाही. दिवाळीत चाळीच्या दारात त्या माणसांचे हुबेहूब चेहरे काढत. "रांगोळीवर कोण पाय ठेवणा नाय गो," म्हणायच्या.

त्याच भरवशावर काकी एका बिल्डरशी लढायला उतरल्या. त्याला चाळ रिकामी हवी होती आणि परत घर कधी मिळेल ते लिहून द्यायला तो तयार नव्हता. गुढीपाडव्याला काकींनी दारात त्याच्या संमतिपत्रावर सही न करणाऱ्यांचे चेहरे काढले. मधोमध माझी आई. खाली लिहिलं, 'आम्ही इथेच आहोत.'

बिल्डरचा माणूस आला. पाय त्यानेही ठेवला नाही. कडेला उभा राहून मोबाइलवर एकेका चेहऱ्याचा फोटो काढत गेला. "नावं होतीच, आता तोंडंपण कळली," म्हणाला.

संध्याकाळी बाजारातून येताना एका अनोळखी मोटरसायकलवाल्याने आईला अडवलं. "ओळखलं बरं का, मावशी." एवढंच बोलून गेला. आई कडी लावून बसली. आमच्या चाळीत दिवसाउजेडी कधी दारं बंद नसत, त्या दिवशी सगळी झाली. काकी आमच्या दाराबाहेर रडत होत्या, "माज्यामुळे झाला ह्या."

सकाळी पाहिलं तर सगळे चेहरे पुसलेले. त्यांच्या जागी एकच मोठा चेहरा होता, काकींचा स्वतःचा. शेजारी त्या बसलेल्या.

"आता माजोच फोटो काडूक सांग तेका."

"काकी, भीती नाही वाटत?"

"वाटता तर! पाय लटलटतत. हात चलतत मा, बास."

आई खाली उतरली. काकींशेजारी बसली आणि स्वतःचा चेहरा काढायला तिने चिमूटभर रांगोळी मागितली.

काकी जाऊन वर्ष होत आलं. फार आठवण येते. चाळ अजून उभी आहे, बिल्डरचा माणूसही येतो. आज पाडवा. आईच्या चेहऱ्याशेजारी मी पहिल्यांदा माझा काढायला घेतला. नाक वाकडं आलं. तेवढ्यात मोटरसायकल येऊन दारात थांबली. माझे पाय लटलटले. मी डोळे काढायला घेतले.