पाहुण्यांपुढचा श्वास

माह्या घरातल्या झाडून साऱ्या गाद्या मन्सूरनं भरलेल्या हायेत. आता तो गेला, पण रोज अंग टाकलं की त्याची आठवण येते अन् मले पुन्हा नव्यानं राग येते. तानाबाई, माही बायको, म्हणते, "मेलेल्या माणसावर कायले चिडता?" मी म्हणतो, जित्तेपणी त्यानं ऐकलं असतं तर आता चिडलो नसतो.

महागावात त्याले सारे मन्सूर पिंजारी म्हणत. बाजारामागं पत्र्याचं शेड, आत रुई पिंजायची मशीन. दार उघडं ठेवलं की रुई उडते, म्हणून भर उन्हाळ्यातही दार लावून पिंजत बसे. मी कापूस पिकवणारा माणूस, पण मलेही त्या शेडात बसवत नव्हतं, नाकातोंडात नुसता पांढरा भुगा. हा मात्र तोंडाले गमछा बांधून दिवसभर आत. वरून बिडी. मी म्हणो, "अबे भैताडा, जरा बाहेर तर ये!" तर म्हणे, "बाहेर का तुह्यं थोबाड पाहाले येऊ?" मशीनीच्या आवाजानं त्याचे कान गेले होते. सारं ओरडून सांगावं लागे, अन् रस्त्यावरच्या नवख्या माणसाले वाटे, हे दोघं आता हाणामारीवर येतात.

दम त्याले कधीचाच लागत होता. पण त्याच्या पोरीची, मुस्कानची, पहिली सोयरीक आली तवा खरा घोटाळा झाला. पाहुणे बसले, चहा आला, अन् मन्सूरले असा खोकला लागला की कप हातातून सांडला. पाहुणे गेले ते गेलेच. मागाहून कानावर आलं, "बापाले टीबी हाये म्हणतात." टीबी नव्हता हो! पण लोकांच्या तोंडाले कोण हात लावते? पोट्टी महिनाभर कोणाशी बोलली नाही.

तवापासून मन्सूरनं एक श्वास शिकून घेतला. मी त्याले पाहुण्यांपुढचा श्वास म्हणो. पोट अजिबात हलू द्याचं नाही, छातीच्या वरच्या वर थोडी थोडी हवा घ्याची, ओठ मिटून, हसू आलं तरी मोठ्यानं हसायचं नाही. आतून जीव निघून राह्यला असला तरी चेहऱ्यावर मख्ख शांतता. पाहुणे उठून गेले की मग मागच्या अंगणात जाऊन भिंतीले धरून धापा टाके. हजराबी, त्याची बायको, पाठ चोळत राहे अन् रडत राहे.

फुलसावंगीच्या जुनेदची सोयरीक या श्वासावरच जमली. पोट्टा मोटारसायकली दुरुस्त करणारा, कामाचा, बोलाले गोड. मंगनी झाली, निकाह ईदनंतर ठरला. अन् तितक्यात मन्सूरच्या थुंकीत रक्त दिसलं. तपासण्या झाल्या. फुफ्फुसाच्या खालच्या अंगाले गाठ निघाली, कॅन्सरची.

डॉक्टर म्हणाले, गाठ अजून जागेवर हाये, यवतमाळले राहून शेक घ्या, म्हणजे ते मशीनीनं देतात ते रेडिएशन, आशा हाये. पण शेक देण्याआधी एक स्कॅन कराचा होता. डॉक्टरांनी मले बसवून समजावलं. "काका, फुफ्फुसातली गाठ श्वासासोबत वरखाली होते. ती कुठवर जाते ते आधी पाहून ठेवावं लागतं, तेवढ्याच जागेवर शेक देतात. अंदाज चुकला तर चांगलं मांस भाजते अन् गाठ तशीच राहते." म्हणून एकच सांगणं होतं, रोज जसा घेता तसाच श्वास घ्या.

आता यात अवघड काय होतं, सांगा! पण घरच्यांनी जुनेदले सांगतलं होतं की चाचाले मूतखडा हाये. अन् हा गुणी पोट्टा गाडी घेऊन दारात हजर. "मी नेतो चाचाले." नाही कसं म्हणता?

मन्सूरले ऐकू येत नाही म्हणून स्कॅन करणाऱ्या अक्षयनं जुनेदलेच काचेअलीकडच्या माईकवर बसवलं, ओरडून सांगाले. मी मागं उभा. काचेपलीकडं मन्सूर उताणा झोपलेला, पोटावर एक डबी ठेवलेली. डबी जशी हले तशी पडद्यावर रेघ वरखाली होई. जुनेद माईकात म्हणे, "चाचा, सांस लो, आरामसे." होणाऱ्या जावयाचा आवाज कानी पडला अन् माह्या डोळ्यादेखत मन्सूरनं पोट आवळलं. पाहुण्यांपुढचा श्वास! पडद्यावरची रेघ अशी शहाण्यावाणी चालली की अक्षय खूश. "बाबा किती छान श्वास घेऊन राह्यले!"

बाहेर आल्यावर मी त्याले कोपऱ्यात घेतलं. "अबे, तिथं कायले नाटक केलं?" तर डोळा मारून म्हणे, "पोट्ट्याले काही समजलं नाही ना?"

शेक सुरू झाला तवा यवतमाळच्या खोलीवर त्याच्यासोबत मीच होतो. हजराबी गावात निकाहाच्या तयारीले. जुनेद नाही, पाहुणा नाही, म्हणून हा आपला खरा श्वास घेई, पोट भात्यासारखं हलवत. अन् मशीन सुरू होई, थांबे, पुन्हा सुरू होई, पुन्हा थांबे. पहिला दिवस असा, दुसरा असा, तो आठवडा सारा असाच अर्धामुर्धा गेला. शेवटी अक्षय बाहेर येऊन म्हणे, "काका, हा श्वास त्या दिवशीचा नाही. रेघ हद्दीबाहेर गेली की मशीन आपोआप बंद पडते." मी डॉक्टरांले सारं सांगून टाकलं, मूतखड्यासकट. त्यांनी कपाळाले हात लावला. स्कॅन पुन्हा करा, म्हणाले, अन् पहिल्यापासून शेक घ्या, दोन महिने इथून हलू नका.

अन् त्याच दिवशी हजराबीचा फोन. पोराकडच्यांनी निकाह अलीकडे घेतला होता. ईदेआधीच करू म्हणत होते, पंधरा दिवसांनी. मन्सूरले कोण आनंद झाला! त्याले वाटलं, आपण असं बेमालूम निभावलं की लोक घाईवर आले.

"तारीख पुढं ढकल," मी म्हटलं.

"कारण काय सांगू?"

"खरं सांग!"

"एकदा मोडली ना पुंडलिक. पुन्हा मोडली तर पोट्टी विहिरीत जाईन. निकाह होऊ दे, मग तू म्हणशील तसा श्वास घेतो." मी लय शिव्या दिल्या त्याले. पिशवी बांधून निघाला तरी देतच होतो. बसमध्ये त्यानं माह्या खांद्यावर डोकं ठेवलं, तवा गप झालो.

निकाहात तो पांढऱ्या शेरवानीत बसला होता. सकाळपासून बिदाईपर्यंत पाहुण्यांपुढचा श्वास. पोरीची गाडी वळणाआड झाली अन् तो मागच्या अंगणात भिंतीशी कोसळला. ओठ निळे पडले होते. यवतमाळले नेला तर छातीत पाणी, अन् गाठ दुसऱ्या बाजूले पोचलेली. डॉक्टर म्हणाले, आता शेक नाही देता येत, घरी न्या.

घरी त्यानंच भरलेल्या गादीवर त्याले टेकवून बसवलं होतं. एका सकाळी मुस्कान अन् जुनेद आले. जुनेद समोर बसला की मन्सूरचं पुन्हा तेच. ओठ मिटलेले, पोट आवळलेलं, कपाळावर घामाचे थेंब. मरणाच्या दारात जावयापुढं अदब! मले पाहवलं नाही. मी अंगणात निघून गेलो. मागून जुनेद आला, डोळे लाल.

"काका, चाचाले सांगा ना, माह्यासमोर श्वास नका रोखू म्हणून. मले त्या स्कॅनच्याच दिवशी समजलं होतं. दवाखान्याबाहेर कॅन्सरचा एवढा मोठा बोर्ड हाये, मले का वाचता येत नाही? घरी अम्मीले सांगतलं तर ती म्हणे, मग निकाह लवकर करू, बापाच्या डोळ्यादेखत पोरगी सासरी जाईन. म्हणून तर तारीख अलीकडं घेतली. चाचाले वाईट वाटन म्हणून बोललो नाही."

कोणाले शिवी देऊ? यानं त्याच्यासाठी लपवलं, त्यानं याच्यासाठी.

आत गेलो. मन्सूरच्या कानाशी तोंड नेऊन, जसा आयुष्यभर ओरडलो तसाच ओरडलो, "अबे, त्याले माहीत हाये! पहिल्यापासून माहीत हाये! सोड आता!"

मन्सूरनं जुनेदकडं पाह्यलं. जुनेदनं मान डोलावली अन् त्याचा हात हातात घेतला. मग मन्सूरनं तोंड उघडलं. त्या श्वासाचा आवाज साऱ्या घरात भरला, मुस्कान तोंडात पदर कोंबून दाराशी बसली. जावयासमोर तो पहिल्यांदाच आपला खरा श्वास घेत होता. दुपारपर्यंत घेत होता.