घोंगडीची पिशवी

काल आमच्या पाली गावात माझ्या दारासमोर पुण्याहनं सायकलवर फिरायला आलेला एक गडी पंक्चर काढत बसला. सोल्युशनचा वास आला आन् जुनं आठवून माझं डोकंच फिरलं.

तरुणपणी म्या सायकलवरनं दूध घालायचो. नट खोलायचे पाने आन् सोल्युशन फडक्यात बांधलेलं असायचं, ते वाटंत सांडायचं. बायकोनं एकेक हत्यार कापडावर ठेवलं, भवतीनं कोळशानं रेघ मारली आन् दाभणानं मापात कप्पे शिवले. कापड कसलं, तर माझ्या नव्या घोंगडीचा कोपरा!

"सायकलीला झबलं शिवलंस व्हय गं?" चार माणसांत वरडलो आन् पिशवी उकिरड्यावर फेकली.

"हत्यारं हरवली की माझ्यावरच वरडता न्हवं?" ती म्हणली. तिनं पिशवी धुतली आन् परत सीटखाली बांधली. म्या ती जन्मभर वापरली.

सायकलवाल्यानं भिंतीला टेकलेली माझी सायकल बघितली. "बाबा, काय सुंदर शिवलीय पिशवी! विकता का?"

"हात लावू नगंस! नीघ हितनं!"

बिचारा निघून गेला. त्याचं काय चुकलं? बायको जाऊन वरीस झालं. त्यानं बघताक्षणी म्हटलं, ते म्या तिला एकदाबी म्हटलं न्हाई.