झेंडूचा हार आणि तापलेली मोटार

दसऱ्याला स्कूटरचा हार सायलेन्सरला टेकून करपला आणि त्या वासासरशी मला रावेरकडची तापी आठवली. मी तेव्हा तिथे नर्स होते. पलीकडच्या काठावर बाया लेकरं घेऊन लसीसाठी थांबल्या होत्या आणि माझ्या पेटीतला बर्फ वितळत होता. ऐन मध्यावर नावेची नवी मोटार धूर सोडत रडायला लागली. नाववाले आबा म्हणाले, "बाई, मोटार लय तापली. वल्हं मारत मांगे जाऊ." "मागे जायचं नाही, आबा. बंद करा आणि उचला ती वर." मोटार थंड ठेवायला नदीचं पाणी ओढणाऱ्या जाळीला झेंडूच्या हाराचा दोरा गच्च गुंडाळलेला! कालच्या पूजेचा हार पायदळी नको म्हणून आबांनी निघताना तो मोटारीजवळच तापीत सोडला होता. दोरा मी कात्रीनं कापला. पण ते पाणी ज्या बारीक भोकातून बाहेर पडतं तेही बुजलं होतं, तेव्हा बोथट म्हणून बाजूला ठेवलेली सुई त्यात घातली आणि पाकळ्यांचा लगदा निघेपर्यंत टोचत राहिले. मोटार निवल्यावर आबांनी ती पाण्यात सोडून दोरी ओढली आणि भोकातून सुर्रकन धार उडाली. बर्फ शिल्लक असतानाच आम्ही पोचलो. जन्मभर सुया टोचल्या मी. पण टोचल्यावर रडं थांबलं, असा पेशंट ती मोटार एकटीच.