हेतुशून्य हालचाल

मल्लूचं वजन एक्कावन्न किलो भरलं, तेव्हा सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आला तेव्हा अठ्ठावन्न होतं. मधे दोन महिने गेले होते.

"डॉक्टर म्हणतात, जिल्हा रुग्णालयात हलवा. नाकातून नळी टाकून अन्न देऊ."

"तो नळी उपटेल, सर."

"म्हणून हात बांधतील. भावाची सही लागेल. उद्या जाऊन घेऊन या."

सर म्हणजे आमच्या संस्थेचे सचिव. संस्था बीडच्या बाहेरच्या अंगाला एक निवासी घर चालवते. बौद्धिक अक्षमता असलेली बारा मोठी माणसं तिथं राहतात. मोठी म्हणजे खरंच मोठी, कुणी तिशीतलं, कुणी पन्नाशीतलं. लोक तरी त्यांना 'मुलं' म्हणतात. मी म्हणू देत नाही. मी तिथली स्पेशल एज्युकेटर. कुणाला कुठली मदत लागते आणि कुठं आपण हात आवरायचा, हे ठरवून लिहिणं माझं काम. त्या कागदाला केअर प्लॅन म्हणतात.

मल्लू म्हणजे मल्लिकार्जुन. वय एकोणचाळीस. युसूफ वडगावचा, घरचं किराणा दुकान. बोलता येत नाही. आई होती तोवर आईपाशी होता. आई गेली, भावजयीला दुकान आणि तो दोन्ही आवरेना, म्हणून आमच्याकडे आला.

आल्यापासून एकच. सकाळी अंघोळ झाली की पंगतीच्या टोकाला सतरंजीवर बसायचा. डावा हात छातीसमोर धरायचा, तळवा वर. त्या रिकाम्या तळव्याकडे बघत राहायचा. समोर पोहे असोत की भाकरी, शिवायचा नाही. बाकीचे अकरा जण खाऊन, ताटं घासून अंगणात उन्हाला जाऊन बसायचे. हॉलमध्ये तो आणि त्याचा हात. दुपार कलली की हात आपोआप खाली यायचा. मग चार घास. कधी तेही नाही.

"मॅडम, बघा कसं करतंय, भीक मागल्यागत," आमच्या केअरटेकर गयाबाई म्हणायच्या. "चांगल्या घरचं लेकरू. कावून करत असंल असं?"

"लेकरू नाही, गयाबाई. माणूस."

"बरं, माणूस. मग माणसानं तरी कावून भीक मागावी?"

मी एबीसी चार्ट घातला. आधी काय घडलं, मग त्याने काय केलं, त्यावर आपण काय केलं, असे तीन रकाने. वागण्यामागचं कारण शोधायची ही साधी पद्धत. पंधरा दिवस रोज भरला. त्याच्या तळव्यावर चपाती ठेवून पाहिली. त्याने ती उजव्या हाताने उचलून ताटात ठेवली, तळवा शर्टाला पुसला आणि पुन्हा धरला. चॉकलेट ठेवलं. चमचा ठेवला. चेंडू ठेवला. प्रत्येक वेळी तेच. रागावला नाही. एकदा फक्त माझ्याकडे बघितलं, सारखं चुकीचं उत्तर देणाऱ्या पोरीकडे मास्तरांनी बघावं तसं.

शेवटी मी चार्टखाली निष्कर्ष लिहिला : हेतुशून्य हालचाल. माणूस एखादी हालचाल पुन्हा पुन्हा करतो आणि तिच्यामागे काही उद्देश नसतो, तेव्हा आमच्या धंद्यात असं लिहितात. डॉक्टरांनी तेच वाचलं आणि नळी सांगितली. माझ्याच अक्षरावरून त्याचे हात बांधले जाणार होते.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने केज, तिथून युसूफ वडगाव. नऊच्या सुमाराला दुकानापाशी पोचले. गल्ल्यावर मल्लूची भावजय होती.

"बसा मॅडम. ह्यांची पूजा चाललीय आत. झाली की येतेत."

मधलं दार अर्धं उघडं होतं. आत मल्लूचा थोरला भाऊ शिवराज पाटावर बसला होता. कपाळावर भस्माचे तीन पट्टे. डावा हात छातीसमोर, तळवा वर, नजर तळव्यावर. कोपर बरगडीला टेकलं होतं तेसुद्धा तसंच. फरक एकच होता. शिवराजच्या तळव्यावर एक लहानसं काळं लिंग होतं.

मी हातातला पाण्याचा तांब्या तसाच धरून बसले.

थोड्या वेळाने तो बाहेर आला. "च्या घेतला का मॅडम? मल्लू बरा हाय ना?"

"तुम्ही आत काय करत होता?"

त्याला प्रश्नाचं नवल वाटलं. "लिंगपूजा. आमी लिंगायत की. लिंग गळ्यात असतंय, चांदीच्या डबीत. सकाळी हातावर घेऊन पूजा करायची. त्याच्याबिगर तोंडात पाणी बी घालत न्हाई."

"मल्लूही करतो?"

"करतो म्हंजे? माझ्यापेक्षा नेमानं. आईनं शिकवलं त्याला. लई वर्सं लागली. बोलाया येत न्हाई तर न्हाई, हात तर धरता येतो, म्हणायची. तीच डबीतून काढून त्याच्या हातावर ठेवायची, आन झालं की तीच गळ्यात घालायची." तो थांबला. "कावून? तिथं करत न्हाई का?"

मी तांब्या खाली ठेवला.

"मॅडम, त्याच्या गळ्यात हाय ना?"

"काढलंय. आमच्या कपाटात आहे. पाकिटात, नाव घालून ठेवलंय."

शिवराजने कप खाली ठेवला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"आमच्यात माणूस मेलं तरी काढत न्हाईत," तो म्हणाला. "हातावर ठिवूनच माती देतेत."

काढण्याचा नियम माझा होता. मी वाढले त्या घरात देव नव्हते, जातिअंताच्या चळवळीची पत्रकं होती. लहानपणी मी पत्रकांच्या घड्या घालत वाचायला शिकले. जात विचारणार नाही, जात सांगणार नाही, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. नोकरीला लागल्यावर पहिलं काम काय केलं, तर प्रवेशाच्या फॉर्ममधला जात-धर्माचा रकाना खोडला. दुसरं, गळ्यातलं सगळं बंद. ताईत, माळ, दोरा, काही नाही. दोऱ्याने गळा आवळायची भीती होती, हे खरं. पण अंगावरून माणूस कुठला ते कळू नये, हे त्याहून खरं. तपासणीला आलेल्या समितीने त्या नियमाचं कौतुक केलं होतं. क्वालिटीच्या तक्त्यात आम्हाला पूर्ण गुण होते. जात मी आजही विचारत नाही. पण जात आणि माणसाची सकाळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे माझ्या कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नव्हतं.

संमतीपत्र पिशवीतच राहिलं. शिवराज दुकान बायकोवर सोडून माझ्याबरोबर निघाला. गाडीत आम्ही एका बाकावर बसलो होतो. केज आलं, गेलं, बीड आलं.

पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. मल्लू सतरंजीवर होता, हात धरून. सकाळी सातपासून.

कपाट उघडताना गयाबाई कासावीस झाल्या होत्या. "पहिल्या अंघोळीला म्याच काढलं ओ. डबी व्हती, मला ताईत वाटला. लिंगायत वाण्याच्या हातात लिंग असतंय, ते म्या बघितलेलं हाय. पर ह्याच्या हातात कायच न्हाई, तर वळखू कसं? आन तुमीच सांगितलेलं, कुणाला जात इचारायची न्हाई."

"मीच सांगितलं होतं."

शिवराजने डबी उघडली आणि लिंग भावाच्या तळव्यावर ठेवलं. मल्लूने बोटं मिटली. उघडली. पुन्हा मिटली. मग हात नेहमीच्या जागी नेला आणि बघत बसला. पाव तास तरी गेला असेल. नंतर त्याने लिंग भावाच्या हातात दिलं, मान खाली वाकवली आणि थांबला.

"भीक न्हवतं मागत मॅडम," गयाबाई हळू म्हणाल्या. "त्याचं त्येला माघारी मागत व्हतं."

मल्लूने तीन भाकरी खाल्ल्या.

सर मात्र अडून बसले. "गळ्यात दोरा चालणार नाही. नियम तुमचाच आहे, मॅडम."

"नियम चुकलाय, सर."

"चुकलेला नियम बदलायला मीटिंग लागते. आणि उद्या कुणी तो दोरा ओढला तर?"

तेही खोटं नव्हतं. आमच्याकडे एक जण हाताला लागेल ते ओढतो. वाट शिवराजनेच काढली. "अंगावर असलं म्हंजे झालं. गळ्यातच पायजे असं न्हाई." भावजयीने चार बंड्यांना आतून, छातीपाशी, झाकणाचे खिसे शिवून पाठवले.

आता रोज सकाळी गयाबाई मल्लूला लिंग काढून देतात आणि पूजा झाली की खिशात ठेवतात. तो तरीही मान वाकवतो. खिसा बंद झाल्यावरही ती थोडा वेळ वाकलेलीच राहते. मग तो जेवायला लागतो. पंगतीच्या टोकाची जागा त्याने सोडलेली नाही. वजन छप्पन्न आहे. नळी लागली नाही. चार्टवरचा निष्कर्ष मी खोडला आणि शेजारी सही केली.

फॉर्ममध्ये एक ओळ वाढवली : सकाळी उठल्यापासून पहिला घास खाईपर्यंत ही व्यक्ती घरी काय काय करायची? जातीचा रकाना अजून नाही, आणि मी असेपर्यंत येणार नाही. या एका ओळीसाठी बाकीच्या अकरा जणांच्या घरी मी फोन लावले. चौघांच्या घरून उत्तर मिळालं. एकाला आधी दारातल्या गाईला हात लावायचा असायचा. एकीला वेणी घातल्याशिवाय चहा चालत नसे, आणि आम्ही तिचे केस कापले होते. उरलेल्या सात जणांच्या बाबतीत सांगू शकेल असं माणूसच राहिलेलं नाही. कुणाचा फोन लागत नाही, कुणी म्हणतं, ते तिच्या आईला ठाऊक होतं.

त्या सात फॉर्मवर मी 'माहीत नाही' असं लिहिलंय. अशा जागी आधी मी 'काही नाही' लिहायचे.