कालव्यापलीकडची बहीण

माझी सासू कालिपा आमच्या आतबाशी गावच्या टपाल कचेरीत तिकिटं विकायची, आणि गावात कुणी गेलं की त्या घरच्या बायकांना कोशोक लिहून द्यायची. मयताच्या बायकोनं, बहिणीनं, लेकीनं युर्तमध्ये, म्हणजे गोल लोकरी तंबूत, भिंतीकडं तोंड करून गायचा तो शोक. तिच्या वह्यांत निदान दोनशे कोशोक असतील. मी तिला आपा म्हणायचे.

तिची थोरली बहीण बूरुल कालव्याच्या पलीकडं राहायची. एका लग्नात ती सगळ्यांदेखत म्हणाली होती, "आमची कालिपा डोळ्यांतलं पाणीसुद्धा पोस्टाच्या तिकिटासारखं विकते." त्यानंतर अकरा वर्षं दोघी बोलल्या नाहीत. मग बूरुल गेली. आपा युर्तमध्ये बसली, तोंड उघडलं, आणि एक शब्द बाहेर आला नाही. तीन दिवस ती नुसती बसून राहिली. सबंध गावाच्या वतीनं रडणारी बाई सख्ख्या बहिणीसाठी मुकी झाली, हे बायकांनी वर्षभर चघळलं.

आता वर्षाचं जेवण आलं होतं. त्या दिवशी शेवटचा कोशोक गायचा, काळे कपडे उतरवायचे, आणि पुन्हा त्या माणसासाठी गायचं नाही. जेवण शनिवारी होतं. बुधवारी बूरुलचा नवरा इशेनाली आला. चहाला हात न लावता म्हणाला, "कालिपा, जमणार नसेल तर आत्ता सांग. मी दुसऱ्या गावची बाई आणतो. बूरुलला दुसऱ्यांदा तसं जाऊ देणार नाही मी."

"मी गाईन, दाजी," आपा म्हणाली.

गुरुवारी दुपारपर्यंत चुलीत कागदच जळत होते. चंद्रासारखी बहीण, मधासारखी बोली, हे सगळं तिनं दुसऱ्यांना इतकं वाटलं होतं की स्वतःसाठी लिहिताना तिला त्याची शिसारी यायची. जेवत नव्हती. मी अंगणात पाण्याची बादली आणली तर माझ्यावर खेकसली, आवाज करू नको म्हणून.

त्याच सकाळी माझा एक गमबूट कालव्यात वाहून गेला होता. काही सुचेना, म्हणून उरलेला गमबूट मी तिच्या वहीवर ठेवला. म्हटलं, "आपा, आधी याच्या जोडीदाराचा कोशोक म्हणा. बिचारा विधुर झालाय."

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता तोच गमबूट माझ्या पाठीत बसणार. पण तिनं भिंतीकडं तोंड केलं आणि गळा काढला:

"तुझ्यावाचून जोडीदार कुणाच्या पायी जाईल,
चिखलात आता कोण गं तुझ्याइतकं फसत राहील?"

मी हसून खाली बसले. मग तिनं फुटक्या किटलीचा म्हटला. मग धुराड्याचा, जे बिचारं धूर गिळून काळं पडलं तरी सासूनं त्यालाच नावं ठेवली. हे माझ्याकडं बघून. हसून तिचे खांदे हलत होते, वर्षभरात पहिल्यांदा.

तेवढ्यात सासरे दारात आले. जित्याजागत्या घरात कोशोक म्हणजे मरणाला आवतण. त्यांचा चेहरा पांढरा पडला. ते आपाला काही बोलले नाहीत, मला म्हणाले, "सूनबाई, माझ्या घरात पुन्हा हे ऐकलं तर तू तुझ्या माहेरी." तेवढं बोलून ते घोड्याकडं गेले.

मी गुमान गमबूट उचलला. आपानं मात्र वही उचलली, मला दंडाला धरलं आणि गवताच्या कोठारात नेलं. तिथं तिनं पुढचं गिऱ्हाईक शोधलं. दात तुटलेलं दंताळं. गळकी चाळणी. कोपऱ्यात बर्फावरची एक मोडकी घसरगाडी पडली होती, तिच्या माहेरून आलेली. तिचा कोशोक ती हसतच सुरू करायला गेली.

"घसरगाडीवर पुढं तू बसायचीस, वारा तुझ्या तोंडावर,
मागं मी उबेत, डोकं तुझ्या खांद्यावर."

ती थांबली. मीही हसायची थांबले. मग ती गवतावर बसून लिहायला लागली, आणि मला हातानंच खूण केली, जा.

शनिवारी युर्तमध्ये बायकांची गर्दी होती. बाहेर इशेनाली उभा होता. आपा बसली, आणि पुन्हा गप्प. एका बाईनं दुसरीला कोपर मारलेलं मी पाहिलं. मग आवाज आला, अगदी खालच्या पट्टीत. घसरगाडी आली, आईचा मार आला, आणि मग:

"अकरा वर्षं रोज संध्याकाळी तुझा दिवा दिसत होता,
पाय माझे धड होते, पूल पन्नास पावलांवर होता."

कुणी वाहवा केली नाही. त्या कोपर मारणाऱ्या बाईनं डोक्याचा रुमाल तोंडावर ओढला. बाहेर इशेनाली खांबाला टेकला, आणि टोपी काढून तोंडापुढं धरली.

सासरे माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. बाया नंतरही कोशोक मागायला यायच्या. आपा त्यांना आधी विचारायची, मेलेलं माणूस तुम्हाला कशावरून हसवायचं. काही जणी रागावून निघून गेल्या. थंडी पडायच्या आत ती पूल ओलांडून गेली आणि इशेनालीच्या घराची चूल लिंपून आली.