चार तारांची पेटी

लाम्प्तेच्या टपरीसमोर एक लांबलचक बाक होतं. त्याच्या एका टोकाला ओडार्ते बसायचा आणि दुसऱ्या टोकाला ताविया. मधे चार माणसं मावतील एवढी जागा, पण आक्र्याजवळच्या टेशीतलं कुणी शहाणं माणूस तिथे बसायचं नाही. दोन्हीकडून थुंकी उडायची ना! भांडणाचा विषय एकच, आणि तोही वर्षानुवर्षांचा. बास गिटारला तारा चार असाव्यात की पाच?

"चाले, दोस्ता, देवाने हाताला बोटं पाच दिली," ताविया म्हणायचा. "त्याला काही अर्थ असेल की नाही?"

"त्यातला अंगठा दांडीमागे टेकवायला दिलाय. उरली किती? देवाला मोजता येतं. तुझंच गणित कच्चं."

"अरे, पण पाचवी तार म्हणजे खर्ज! पोटात घुमते ती."

"पोटात घुमायचं असेल तर आंबवलेल्या मक्याची शिळी केंके खा. पाचवी तार कशाला हवी?"

मग लाम्प्ते आतून हसायचा. लाम्प्ते गिटारचे अँप दुरुस्त करायचा, म्हणजे उघडून ठेवायचा. त्याच्या टपरीत पोट फाडलेले अँप महिनोन्महिने पडून असत, आणि ते कधी होणार हे विचारायला आलेली माणसं बाकावरच्या भांडणात गुंतून मूळ चौकशी विसरून जात. त्याचा धंदा याच भांडणावर चालला होता असं म्हटलं तरी चालेल.

ओडार्ते टेम्याच्या बंदरात गोदामावर नोकरीला होता. तरुणपणी एका जपानी खलाशाकडून त्याने एक बास घेतला आणि तेव्हापासून जगातले बाकी सगळे बास त्याच्या लेखी लाकूडफाटा झाले. तारा तो कधी बदलायचा नाही. "माझ्या घामाची त्यांना सवय झालीय. आता म्हातारपणी घराबाहेर काढू?" ताविया साइनबोर्ड रंगवायचा आणि जुन्या तारा बायकोच्या पातेल्यात उकळून पुन्हा चढवायचा. त्याने म्हणे त्यांचा आवाज उघडतो. त्याची बायको देदे ते पातेलं तीन पाण्यांनी घासायची आणि नवऱ्याच्या नावाने बोटं मोडायची. "तुझ्या घरी सूप प्यायला नको बाबा," ओडार्ते चारचौघांत म्हणायचा, "दातात तार अडकायची." जो अँप एकट्या माणसाला उचलता येतो त्याला तो अँप म्हणायचाच नाही. जेवणाचा डबा म्हणायचा.

या सगळ्यात मरण व्हायचं ते सॅमसनचं. सॅमसन टॅक्सी चालवायचा, रविवारी चर्चमध्ये उसना बास वाजवायचा, आणि स्वतःचा घ्यायचा म्हणून दोन वर्षं सल्ला विचारत होता. बिचारा चार तारांचा निश्चय करून यायचा आणि पाचचा करून जायचा. दुसऱ्या दिवशी उलट.

एका गुरुवारी ओडार्ते बाकावरून उठला, पँट झटकली आणि म्हणाला, "उद्या ये. असा मुद्दा सांगतो की तुझी बोलती बंद. जन्मभर."

"आत्ताच सांग की."

"घाई कसली? उद्या."

शुक्रवारी सकाळी दाढी करता करता ओडार्ते मोरीत कोसळला तो उठलाच नाही. तावियाला बातमी कळली तेव्हा तो एका औषधाच्या दुकानाचा बोर्ड रंगवत होता. शिडीवरच बसून राहिला. त्याच्या मनात पहिलं काय आलं हे त्याने पुढे कुणाला सांगितलं नाही. पहिलं हे आलं, की साला मुद्दा न सांगता गेला! रडू त्यानंतर आलं, आणि मग ते थांबेना.

टेशीत कोळी मेला तर तो मासळीच्या आकाराच्या शवपेटीतून जातो आणि बसवाला बसमधून. ओडार्तेच्या घरच्यांनी बास ठरवला यात नवल काहीच नव्हतं. अडचण एवढीच होती की पेटी करणाऱ्या मास्टर अशोंगने आजवर कोंबड्या केल्या, कोकोच्या शेंगा केल्या, एका वकिलासाठी लाकडी पुस्तक केलं, पण बासला कधी हात लावला नव्हता. म्हणून ओडार्तेची बायको कोर्कोर काळं लुगडं नेसून तावियाच्या दारात उभी राहिली.

"मास्टरला काय काय हवंय ते तू सांग," ती म्हणाली. "तुझ्यावर सोपवताना जिवावर येतंय. पण दुसऱ्या कुणाला कळतंय यातलं?"

"सिस्टर कोर्कोर, अगदी निर्धास्त राहा," ताविया म्हणाला.

निर्धास्त! माणूस वाईट नव्हता हो ताविया. पण वीसेक वर्षं ज्याने चारचौघांत पाणउतारा केला, त्याची पेटी आता आपल्या एका शब्दावर आहे म्हटल्यावर कुणाच्या मनात पाप येणार नाही? त्यात मास्टर अशोंगने रंधा खाली ठेवून सरळ विचारलं, "तारा किती ओढू? चार का पाच? मला काय, एक वायर जास्त." तावियाच्या जिभेवर शब्द आला होता. सगळं टेशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं आहे, आणि चार तारांचा हा हट्टी म्हातारा पाच तारांच्या बासात झोपून चाललाय! उलटून बोलायलाही उठता येणार नाही.

"उद्या सांगतो," तो म्हणाला. "आधी मूळ बास बघून मापं घेतो."

दुसऱ्या दिवशी तो टेप घेऊन कोर्कोरकडे गेला. जपानी बास भिंतीवर खिळ्याला टांगलेला होता. ताविया खुर्चीवर चढून तो काढायला लागला तर कोर्कोर म्हणाली, "तो नको. तो नुसता पुसायचा. वाजवायचा तो हा." आणि तिने वाकून पलंगाखालून एक लांब पिशवी ओढली.

तावियाने पिशवीची चेन उघडली. मोजायची गरज नव्हती, तरी त्याने मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. पाच. त्यातही पाचवी, ती जाड, खर्जाची, बोटांनी घासून घासून आरशासारखी झालेली. आणि बाकीच्या चार कोऱ्या करकरीत! म्हणजे हा गृहस्थ तारासुद्धा बदलायचा.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"झाली की सात-आठ वर्षं. तुझ्याकडून भांडून आला की दार लावायचा आणि हाच काढायचा. आवाज बारीक ठेवायचा. मला म्हणायचा, त्या गाढवाला कळता कामा नये. मी विचारलं, कोण गाढव? तर तुझं नाव घेतलं."

तावियाला आधी हसू फुटलं. जिंकलो! चारीमुंड्या चीत केला! मग एकदम संताप आला. आठ वर्षं मला सगळ्यांसमोर वेड्यात काढलं आणि घरी येऊन दाराआड माझंच वाजवत बसला? लबाड, ढोंगी, बंडलबाज! हा बास उचलून आत्ताच्या आत्ता बाकावर नेऊन आपटावा असं त्याला वाटलं. तो उचललाही. पण उचलल्यावर हात आपसूक तारांवर गेले, आणि घासून गुळगुळीत झालेल्या जागांवर त्याची बोटं एकामागोमाग बरोब्बर बसत गेली. ती चाल तावियाचीच होती. रविवारी चर्चमध्ये तो वाजवायचा ती. मागच्या रांगेत ओडार्ते तोंड वाकडं करून ऐकायचा ती.

"मग मला कशाला सांगितलंस?" ताविया चिडून म्हणाला. "तो नको म्हणाला होता ना!"

"जाताना खऱ्या बासातून जावा असं वाटलं," कोर्कोर म्हणाली. "पण तो घराबाहेर एक होता आणि घरात एक. पेटी रस्त्यावरून जाणार. यातला खरा कुठला, तूच ठरव. मला रडायला लोकांनी आधीच बसवून ठेवलंय."

तावियाने पिशवीची चेन लावली, ती पलंगाखाली पार भिंतीपर्यंत ढकलली आणि खुर्चीवर चढून भिंतीवरचा बास काढला.

"चार," त्याने मास्टर अशोंगला सांगितलं. "आणि खबरदार, पाचवा खिळासुद्धा दिसता कामा नये."

मास्टरने पेटीला अननसाचा पिवळा रंग फासला तेव्हा ताविया त्याच्यावर असा ओरडला की शेजारचे सुतार धावले. मग त्याने स्वतःच ब्रश घेतला. कडेला काळसर तपकिरी, आत येता येता मधाचा रंग. सिगारेटने जळलेला डाग, मनगटाने झिजलेली जागा, सगळं जिथल्या तिथे. साइनबोर्डवाल्याने आयुष्यात इतकं नेटकं काम केलं नसेल.

मातीच्या दिवशी आक्र्यापासून टेम्यापर्यंतचे बासवाले झाडून आले. लाल-काळे कपडे, हातात रुमाल. आले, पेटीपाशी गेले, आणि रडायचं सोडून तपासायला लागले. एकजण वाकून म्हणाला, "घोडी जरा उंच बसलीय." दुसऱ्याने बोटाने टिचकी मारली. "लाकूड कुठलं? वावा? हॅ, सूर टिकायचा नाही." लाम्प्तेने गंभीरपणे पिकअपच्या जागेला नावं ठेवली. पेटी खांद्यावर चढवली तर ती पुढे कलंडली, कारण मास्टरने दांडी भरीव केली होती. पुढचे दोघे गुडघ्यात वाकले. गर्दीतून कौतुकाचा हुंकार उठला. "दांडी जड! थेट त्याच्या बाससारखी!"

मग कुणीतरी म्हणालं, तावियाने बोलावं. भांडला त्याच्याशी, बोलेलही तोच. सॅमसनने त्याच्या हातात माइक दिला.

"ओडार्ते," ताविया म्हणाला आणि घसा खाकरला. "हा माणूस शब्दाला पक्का होता. चार म्हणाला ते चार. मी याला सगळं करून पाहिलं, हसलो, रडलो, चिडवलं. पण पाचव्या तारेला या माणसाने जन्मात बोट लावलं नाही."

टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत कोर्कोरने लुगड्याचा पदर तोंडावर धरला. तिचे खांदे गदगदत होते. बायका तिला धरायला धावल्या. ती रडत होती की काय करत होती ते फक्त तावियाला माहीत होतं, आणि तिच्याकडे बघायची त्याची टाप नव्हती, कारण त्यालाही तेच व्हायला लागलं होतं.

सोमवारी ताविया बाकाच्या आपल्या टोकाला जाऊन बसला. दुसरं टोक रिकामं. आता मधेही कुणी बसायला हरकत नव्हती आणि म्हणून बसतही कुणी नव्हतं. लाम्प्ते आत तार जोडत होता. एक माणूस आला, माझा अँप कधी होणार विचारून, गुरुवारचं वचन घेऊन निघूनही गेला. लाम्प्तेचा चेहरा उतरला. आयुष्यात त्याला पहिल्यांदाच तारीख द्यावी लागली होती.

तेवढ्यात टॅक्सी थांबली. सॅमसन उतरला, डिकीतून नवीकोरी पिशवी काढली आणि ती तावियासमोर उघडली. पाच तारा. चकचकीत.

"घेतला, अंकल! शेवटी तुमचंच ऐकलं," सॅमसन म्हणाला. "आता वाद घालणारंच कुणी उरलं नाही."

तावियाने बासकडे पाहिलं. चांगला होता, खरोखर चांगला होता. वजन बेताचं, दांडी सरळ. मग त्याने बाकाच्या रिकाम्या टोकाकडे पाहिलं. तो उठला, चालत गेला आणि तिथे बसला. पँट झटकली.

"हे काय उचलून आणलंस?" तो म्हणाला. "पाचवी तार कशाला? कपडे वाळत घालायला?"

आत लाम्प्तेचा हात थांबला.

"अहो, पण तुम्हीच तर..."

"मी काय? अंगठा दांडीमागे असतो. बोटं उरली किती? मोज!"

"अंकल, पण खर्ज! पोटात घुमतो तो!" सॅमसन आता चांगलाच तापला आणि रिकाम्या झालेल्या टोकाला तणतणत जाऊन बसला. "तुम्हीच दोन वर्षं सांगत होतात!"

"शिळी केंके खा," ताविया म्हणाला. रस्त्यावरचे दोघं-तिघं थबकले. त्यातला एक अँपची चौकशी करायला आला होता. तो तसाच उभा राहून ऐकायला लागला.

संध्याकाळी घरी आल्यावर तावियाने दार लावलं, कोपऱ्यात उभा असलेला आपला पाचतारी बास पिशवीत घातला आणि गुडघ्यांवर बसून पलंगाखाली सरकवला.

"हे काय चाललंय?" देदेने विचारलं.

"आवाज बारीक ठेवत जाईन," ताविया म्हणाला. "पण कुणाला सांगू नकोस. त्या गाढवाला तर मुळीच नाही."